भेसूर विभाग, पहिला क्रमांक

प्रमाणपत्रांवर नावं घालायचं काम माझं.
एका नावाचे साठ रुपये, काना-मात्रा धरून.
कापलेला टाक, काळी शाई,
आणि दातरंगे बाईंची यादी पाठकोऱ्या कागदावर :
डावीकडे सुरेख, उजवीकडे भेसूर.

मतं नाशिककरांचीच.
पेट्या ठेवल्या होत्या वाचनालयात, सिडकोतल्या पिठाच्या गिरणीत,
शालिमारला औषधाच्या दुकानात.
कुणी चिठ्ठीत शिव्या घातल्या,
कुणी भाऊबंदाच्या बंगल्याचा पत्ता दिला,
एकानं नुसतं लिहिलं, अख्खं गाव.
ती चिठ्ठी बाद झाली.
दातरंगे बाईंनी मात्र घडी घालून पर्समध्ये ठेवली.

सुरेखचं सोपं असतं, त्याला धनी असतो.
भद्रकालीतल्या दुकानाबाहेरचा ओटा, काळ्या दगडाचा,
बरोबर एवढा उंच
की डोक्यावरचा डबा न वाकता टेकवता येतो.
युसूफ कोकणी, गवंडी.
पहिला उकार ऱ्हस्व, दुसरा दीर्घ,
दोन्ही नीट उतरले.

भेसूर मात्र बेवारस.
सहा वर्षं लिहितोय मी :
वास्तू, पत्ता, आणि ‘रचनाकार’पुढे
एक कोरी रेघ.
ठेकेदार म्हणतो नकाशा वरून आला,
वरचे म्हणतात खालून.
प्रमाणपत्रं परत येतात, माझ्या पलंगाखाली जातात.
तिथं एक कारंजं आहे, पाणी न पाहिलेलं,
दवाखान्याचा उतार आहे,
चाकाची खुर्ची वर नेऊन तीन पायऱ्यांशी सोडणारा,
आणि गुळगुळीत फरशीचा एक घाट,
जिथं माझीच आत्या घसरली.

यंदा त्र्यंबक रस्त्यावरचा बसथांबा.
चकचकीत स्टील, छप्पर पंखासारखं उचललेलं,
सावली पडते ती मागच्या गटारावर.
बसायला बाक नाही, टेकायला एक नळी.
माणसं शेजारच्या विजेच्या खांबाच्या सावलीत
एकामागे एक उभी राहतात,
सूर्य सरकला की रांग सरकते.

नाव पुकारलं, नेहमीसारखा हशा झाला.
फोटोवाला चहाला निघाला होता.
शेवटून तिसऱ्या रांगेत एक जण उठला,
इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याची डबी,
आणि खुर्च्यांच्या कडेकडेनं वर आला.
“भास्कर खैरनार. ड्राफ्ट्समन होतो. नकाशा माझा.”

टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणालाच कळेना.

“बाक होता,” तो म्हणाला, “अंदाजपत्रकात गेला.”
मग थोडं थांबून,
“छप्पर पण माझंच. कुणी बदललं नाही ते.
कागदावर फार छान दिसायचं.”

प्रमाणपत्र हातात घेऊन वाचलं त्यानं,
रेघेवर बोट ठेवलं.
“नाव राहिलंय.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं.
नारळ बाजूला सारून टेबलावर लिहायला बसलो,
एवढ्या लोकांसमोर पहिल्यांदाच.
सभागृहात फक्त पंखा.
खै च्या दोन मात्रा लिहिताना हात कापला,
दुसरी जराशी लांबली.
तो वाकून बघत होता, माझ्या कानाशी त्याचा श्वास.
“चालेल,” म्हणाला.
साठ रुपये मी मागितले नाहीत, त्यानं दिले.

साडेचारला बाहेर पडलो तर ऊन तसंच.
दोघांची बस एकच निघाली, थांबाही तोच.
खांबाच्या सावलीत चार माणसं आधीच होती,
एका बाईनं पिशवी उचलून जागा केली.
पुढं तो, मागं मी.
त्याची मान उन्हात राहत होती.
शाई ओली होती अजून,
म्हणून प्रमाणपत्र डोक्यावर न धरता
त्यानं ते आडवं धरलं, दोन्ही हातांवर,
बस येईपर्यंत.